मुक्काम हाँगकाँग, पुढचं गाव माहीत नाही

४ मे १९७५ या दिवशी हाँगकाँगमध्ये राणी एलिझाबेथच्या स्वागताची धामधूम होती. गादीवर असलेला ब्रिटिश राजा किंवा राणी या वसाहतीत पाऊल टाकण्याची ती पहिलीच वेळ. नेमक्या त्याच दिवशी 'क्लारा मेर्स्क' नावाचं एक डॅनिश मालवाहू जहाज बंदरात आलं. त्यावर ३,७४३ व्हिएतनामी माणसं होती. सायगॉन पडून जेमतेम चार दिवस झाले होते. ही माणसं एका बुडायला आलेल्या जहाजातून भर समुद्रात उचलून घेतलेली. राणी गावात असताना त्यांना परत समुद्रात लोटणं शोभलं नसतं, आणि सरकारच्या मनातही तसं काही नव्हतं. त्यांना उतरवून घेतलं, छावण्यांत ठेवलं आणि यथावकाश दुसऱ्या देशांत पाठवलं. प्रकरण मिटलं असं सगळ्यांनाच वाटलं.

हे प्रकरण पुढे पंचवीस वर्षं चाललं.

व्हिएतनामी निर्वासितांची गोष्ट सांगताना बहुतेक जण होड्या, वादळं आणि थायलंडच्या आखातातले चाचे इथे थांबतात. तो भाग भयंकर होता यात शंका नाही. पण जी माणसं त्यातून वाचून किनाऱ्याला लागली, त्यांचं सरकारांनी काय केलं हा भाग मला जास्त बोलका वाटतो. कारण त्या किनाऱ्यांवर हळूहळू एक नवंच धोरण आकाराला आलं. माणसाला मारायचं नाही, हाकलायचं नाही, फक्त ताटकळत ठेवायचं.

दुसरी लाट आली ती १९७८ मध्ये. मार्चमध्ये हनोईच्या सरकारने दक्षिणेतला खासगी व्यापार एका फटक्यात बंद केला. सायगॉनला लागून असलेल्या चोलोनमधल्या चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांच्या दुकानांना टाळी लागली. मे महिन्यात चलन बदललं आणि राहिलेली पुंजीही गेली. त्यातच चीनशी संबंध बिघडत गेले आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये सरहद्दीवर युद्धच झालं. चिनी वंशाच्या माणसांना राहणं कठीण झालं आणि जाण्याची वाट मात्र, पैसे मोजले तर, मोकळी होती. दर सोन्यात ठरलेला असे. सोनं सुरक्षा खात्याच्या माणसांच्या हाती पडलं की होडी सुटायची. जातानाही सरकारचाच हात ओला करून जायचं, असा तो निर्वासितपणा.

सोनं आलं की दलाल आले, आणि दलालांमागून जुनाट मालवाहू जहाजं आली. नोव्हेंबर १९७८ मध्ये 'हाय हाँग' सुमारे अडीच हजार माणसं घेऊन मलेशियाच्या पोर्ट क्लांगजवळ उभं राहिलं. मलेशिया म्हणाला, हे निर्वासित नव्हेत, हा धंदा आहे. कुणाला उतरू देणार नाही. दूरदर्शनवर ती दृश्यं जगभर गेली आणि मग कॅनडा, फ्रान्स, पश्चिम जर्मनी पुढे आले. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी प्रांताचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेश्त यांनी हजार जणांना घ्यायची तयारी दाखवली. (आजच्या युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन त्यांची मुलगी.) त्याच डिसेंबरात 'ह्युई फाँग' हे जहाज ३,३१८ माणसांसह हाँगकाँगच्या हद्दीबाहेर येऊन थांबलं. हाँगकाँग सरकारने कप्तानाला बजावलं, तुझ्या कागदपत्रांत पुढचं बंदर तैवानचं काओशुंग आहे, तिकडे जा. जहाज हललं नाही. नाताळ गेला, नवं वर्ष उजाडलं. जवळजवळ चार आठवड्यांनी, १९ जानेवारी १९७९ ला, त्याला आत घेतलं. झडतीत इंजिनाच्या खोलीत दडवलेलं सोनं सापडलं, त्या वेळच्या हिशेबाने पासष्ट लाख हाँगकाँग डॉलर्सच्या आसपास किमतीचं. कप्तान आणि त्याचे साथीदार तुरुंगात गेले.

'स्कायलक'चं मात्र थोडं थांबून सांगायला हवं.

७ फेब्रुवारी १९७९ च्या रात्री हे पनामाचा झेंडा लावलेलं जहाज गुपचूप हाँगकाँगच्या बंदरात शिरलं. पोटात सुमारे २,६०० माणसं. येताना वाटेत फिलिपाईन्सच्या पलावान बेटाजवळ त्याने काही शे माणसं उतरवली होती. सरकार तोवर 'ह्युई फाँग'च्या अनुभवाने शहाणं झालं होतं. त्याने जहाज लामा बेटाच्या जवळ नेऊन नांगरायला लावलं आणि पोलिसांच्या नौकांचा पहारा बसवला. खायला-प्यायला देऊ, आजाऱ्याला दवाखान्यात नेऊ, पण जमिनीवर पाय ठेवू देणार नाही. का, तर यांना उतरवलं की पुढचं जहाज निघेल.

फेब्रुवारीचा मार्च झाला, मार्चचा मे झाला. हाँगकाँगचा उन्हाळा दमट असतो. मालासाठी बांधलेल्या लोखंडी तळघरात माणसांनी तो कसा काढला असेल याची कल्पना करवत नाही. डेकवरून त्यांना समोर लामा बेटावरची घरं दिसत. त्यांनी उपोषण केलं, चादरींवर मोठ्या अक्षरांत विनंत्या लिहून कठड्याला टांगल्या. काही जणांनी पाण्यात उड्या टाकून पोहत किनारा गाठला. पोलिसांनी त्यांना धरून परत जहाजावर आणून सोडलं. साडेचार महिने हे चाललं. २९ जून रोजी जहाजावरच्या काही जणांनी नांगराची साखळी तोडली. मोकळं झालेलं जहाज वाऱ्याबरोबर वाहत गेलं आणि लामाच्या खडकांवर आपटून कलतं झालं. दोर आणि शिड्यांवरून माणसं खाली उतरली, पोरंबाळं काखेत घेऊन. आता त्यांना कुठे परत पाठवणार? जहाजच उरलं नव्हतं. त्यांची रवानगी लांताव बेटावरच्या ची मा वान इथल्या तुरुंगाच्या आवारात झाली.

आधीच्या दयेमुळे हाँगकाँग अडचणीत आलं होतं असंही म्हणता येईल, पण शेजाऱ्यांशी तुलना केली तर ते बरंच मवाळ होतं. सिंगापूरने सरळ हिशेब मांडला होता. दुसरा एखादा देश नव्वद दिवसांत उचलून नेईल असं लेखी देत असेल, तरच माणूस सेंबावांगजवळच्या हॉकिन्स रोडच्या छावणीत. नाहीतर होडीत इंधन, पाणी, अन्न भरून द्यायचं आणि रामराम. मलेशियात तेरेंगानूच्या किनाऱ्यासमोरच्या पुलाऊ बिदोंग या बेटावर जून १९७९ पर्यंत चाळीस हजारांच्या आसपास माणसं कोंबली गेली होती. बेटाचा आकार चौरस किलोमीटरभर. होड्यांच्या फळ्या उपसून बांधलेल्या दोन-दोन मजली झोपड्या, मुख्य भूमीवरून पडावांतून येणारं पाणी, आणि दिवसभर कर्ण्यावरून पुकारली जाणारी नावं: कुणाचं पत्र आलं, कुणाची मुलाखत, कुणाचं विमान. त्याच जूनमध्ये उपपंतप्रधान महाथीर महंमद यांच्या तोंडी, होड्या दिसताच गोळ्या घाला, असं वाक्य वृत्तसंस्थांनी छापलं. मग खुलासा झाला की ते गोळ्या घाला असं नव्हे, हुसकून लावा असं म्हणाले होते. मलेशियाचं नौदल होड्यांना दोर बांधून परत भर समुद्रात नेऊन सोडत होतंच, त्यामुळे खुलाशाने होड्यांतल्या माणसांचं फारसं भलं झालं नाही. महिनाअखेरीस बालीत आसिआनच्या पाच देशांचे परराष्ट्रमंत्री जमले आणि त्यांनी एकमुखाने जाहीर केलं: आमची सहनशक्ती संपली, यापुढे नव्या माणसाला आश्रय नाही. त्या एका जून महिन्यात सगळ्या किनाऱ्यांवर मिळून ५४ हजारांहून जास्त माणसं आली होती.

२० आणि २१ जुलैला जिनिव्हात ६५ देश बसले. अमेरिकेचे उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल यांनी १९३८ च्या एव्हियाँ परिषदेची आठवण करून दिली, जिथे ज्यूंसाठी सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि दारं बंदच ठेवली. या खेपेस मात्र सौदा पटला. पाश्चात्त्य देशांनी माणसं नेण्याचं आश्वासन १,२५,००० वरून २,६०,००० वर नेलं. त्या बदल्यात किनाऱ्यावरच्या देशांनी दारं किलकिली ठेवायची. व्हिएतनामने बेकायदा होड्या रोखायच्या आणि ज्यांना रीतसर जायचं त्यांना विमानाने जाऊ द्यायचं. इंडोनेशियाच्या गालांग बेटावर आणि फिलिपाईन्सच्या बाताआनमध्ये निवड झालेल्यांसाठी मोठी केंद्रं निघाली. पुढच्या तीन वर्षांत वीसहून अधिक देशांनी इंडोचायनातले सव्वासहा लाखांच्या आसपास लोक नेले. १९८१ चं शांततेचं नोबेल संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाला मिळालं ते बऱ्याच अंशी याच कामावर.

सौदा खरोखर मोठा होता, त्याला नावं ठेवणं कोतेपणाचं होईल. पण त्यात एक मेख होती. माणसाला आश्रय देणारा देश एक, घेऊन जाणारा दुसरा. आणि दुसऱ्याने हात आखडला तर पहिल्याच्या अंगणात माणसं साठत जाणार. शिवाय घेऊन जाणारा पारखून घेणार. मुलाखतीला येणारी शिष्टमंडळं आपापली यादी घेऊन येत. अमेरिकेत नातेवाईक आहे का, अमेरिकनांकडे किंवा सायगॉनच्या सैन्यात नोकरी होती का, भाषा येते का, हातात कसब आहे का. तरणेताठे, शिकलेले, नात्यागोत्याचे आधी गेले. म्हातारे, क्षयाचे रोगी, उत्तर व्हिएतनामचे कोळी आणि शेतमजूर मागे राहिले. दर मोसमात नवे येत आणि त्यांच्यातलेही काही वेचले जात, जुने तिथेच.

हाँगकाँगमध्ये १९७९ या एका वर्षात ६८ हजारांहून जास्त माणसं आली होती. गव्हर्नर मरी मॅक्लेहोज यांच्या सरकारने सुरुवातीला छावण्या उघड्या ठेवल्या. सकाळी माणसं बाहेर पडत, प्लास्टिकच्या, कापडाच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत दिवसभर राबत, संध्याकाळी परत. कारखान्यांना हात हवेच होते. पण २ जुलै १९८२ पासून नियम बदलला: आज येईल तो बंद छावणीत जाईल. चालवणारं खातं तुरुंगांचं, बाहेर पडायला बंदी, कामाला बंदी. इथून सरकारी बोलण्यात 'माणुसकी राखून परावृत्त करणं' असा शब्दप्रयोग रूढ झाला. थायलंडने तो आधी वापरात आणला होता. जो आत आहे त्याला शिक्षा म्हणून हे कुंपण नव्हतं. जो अजून हायफाँगच्या धक्क्यावर उभा आहे त्याने ते पाहावं म्हणून होतं. दुसऱ्या कुणीतरी घाबरावं यासाठी यांना डांबून ठेवायचं, हा प्रकार मला त्या सगळ्या कारभारातला सर्वांत थंडपणे केलेला वाटतो.

तरी हाँगकाँगच्या सामान्य माणसाची बाजू समजून घेतली पाहिजे. तिथल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी चीनमधून पळून आलेलं होतं. १९८० च्या ऑक्टोबरपर्यंत शहरापर्यंत पोहोचलेल्या चिनी माणसाला राहू दिलं जाई. ती सवलत बंद झाली आणि मग सख्खा चुलतभाऊ सरहद्द ओलांडून आला तरी त्याला दुसऱ्या दिवशी परत धाडलं जाऊ लागलं. आणि समुद्रातून आलेल्या परक्याला मात्र जेवणखाण, छप्पर आणि अमेरिकेची आशा. 'आमच्या माणसाला एक न्याय आणि यांना दुसरा?' हा प्रश्न चहाच्या टपरीपासून विधान परिषदेपर्यंत सगळीकडे ऐकू येई.

१९८८ मध्ये आवक पुन्हा वाढली, आता मुख्यतः उत्तरेकडून. १६ जून १९८८ ही तारीख त्या छावण्यांतल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली असती. त्या दिवसाआधी आलेला तो निर्वासित. त्यानंतर आलेला तो बेकायदा घुसखोर, आणि आपण निर्वासित आहोत हे त्याने स्वतः शाबीत करायचं. एकाच गावातून निघालेले दोन भाऊ, एकाची होडी वाऱ्यामुळे दोन दिवस उशिरा पोहोचली, तर दोघांची आयुष्यं दोन वाटांनी जाणार. हा नवा नियम समुद्रातल्या होड्यांना कळावा म्हणून सरकारी रेडिओवर व्हिएतनामी भाषेत निवेदन सुरू झालं. ते इतक्या वेळा लागे की व्हिएतनामीचा गंध नसलेल्या हाँगकाँगकरांना त्याचे पहिले शब्द पाठ झाले. पोरं ते चिडवायला वापरत. होड्यांनी किती ऐकलं कोण जाणे. १९८९ मध्ये ३४ हजार माणसं आली.

त्यांना ठेवायला शा टिनजवळ समुद्रकाठी व्हाइटहेड नावाचं केंद्र उभं राहिलं. वीस-पंचवीस हजारांची वस्ती, आणि तिचे उंच जाळ्यांनी पाडलेले वेगवेगळे कप्पे. आत पत्र्याच्या लांबलचक शेड आणि त्यांत तीन थरांच्या फळ्या. एका कुटुंबाला एका थराची एक फळी. तीच झोपायची जागा, तेच स्वयंपाकघराविना घर, पडदा ओढला की तीच खोली. वरच्या थरावरच्याला छताचा तापलेला पत्रा हाताला लागेल इतका जवळ. त्या फळीवर मुलं जन्मली आणि शाळेच्या वयाची झाली. कित्येकांनी झाड, कुत्रं, रस्त्यावरची गाडी हे जाळीपलीकडूनच पाहिलं होतं.

शाबीत करायचं म्हणजे इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे दुभाष्यामार्फत आपली कहाणी सांगायची. नकार आला तर पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज. उत्तर यायला वर्ष-दोन वर्षं. ज्या कोळ्याने आयुष्यात कधी कागदावर तक्रार लिहिली नव्हती, त्याने छळाची तारीखवार जंत्री द्यायची. बहुतेकांचे अर्ज फेटाळले गेले.

जून १९८९ मध्ये जिनिव्हात पुन्हा परिषद भरली आणि हाँगकाँगचीच रीत, कमीअधिक फरकाने, सगळ्या प्रदेशाला लागू झाली. इतर देशांसाठी मार्च १९८९ मधली तारीख ठरली. छाननीत उतरेल तो पुढे जाईल, न उतरेल तो मायदेशी. न उतरलेले आपण होऊन परत जातील अशी सगळ्यांची आशा होती. काही गेलेही, पण पुरेसे नाहीत.

मग १२ डिसेंबर १९८९. पहाटेचा अंधार असताना फीनिक्स हाऊस नावाच्या इमारतीत पोलीस शिरले. ५१ जणांना उठवलं. त्यांत ८ पुरुष, १७ बायका आणि २६ मुलं. गाड्यांतून काई टाक विमानतळ, तिथून हनोई. जगभर गदारोळ उठला. अमेरिकेने कडक शब्दांत निषेध केला. ब्रिटिशांनी सुनावलं की हैतीहून येणाऱ्या होड्या तुम्ही १९८१ पासून समुद्रातच अडवून परत पाठवता, ते काय आहे? दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि त्या ५१ जणांना दोन्हींचा उपयोग नव्हता. जबरदस्तीची विमानं मग थांबली ती थेट ऑक्टोबर १९९१ मध्ये ब्रिटन, हाँगकाँग आणि व्हिएतनाम यांचा करार होईपर्यंत. नोव्हेंबरात ती पुन्हा उडू लागली.

दरम्यान आत काय शिजत होतं? सेक काँगच्या जुन्या धावपट्टीवरच्या छावणीत उत्तरेचे आणि दक्षिणेचे लोक शेजारी ठेवले होते. ३ फेब्रुवारी १९९२, त्यांच्या नववर्षाच्या आदली रात्र. भांडणाचं रूपांतर दंगलीत झालं आणि कुणीतरी एका शेडला आग लावली. २४ माणसं मेली. युद्ध संपून सतरा वर्षं झाली होती आणि त्या युद्धाच्या दोन बाजू हाँगकाँगच्या कुंपणाआड एकमेकांना जाळत होत्या. एप्रिल १९९४ मध्ये व्हाइटहेडमधल्या सुमारे दीड हजार जणांना हाय आयलंडच्या केंद्रात हलवताना अश्रुधुराच्या नळकांड्यांची बरसात झाली. १९९५ मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये या लोकांची फेरतपासणी व्हावी असा प्रस्ताव आला. बातमी छावण्यांत पोहोचली आणि परतीच्या याद्यांवर नाव घालणारे जवळजवळ थांबलेच. कोण सोडेल शेवटची संधी? वॉशिंग्टनमधल्या एका भाषणाने इथे कित्येकांचा मुक्काम वर्षभराने वाढला.

याच काळात एक खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. काही बंदींना व्हिएतनाम आपले नागरिक मानतच नव्हता, म्हणून घेत नव्हता. आणि हाँगकाँग सोडत नव्हतं. मार्च १९९६ मध्ये न्यायमूर्तींनी निकाल दिला की ज्याला पाठवताच येणार नाही त्याला पाठवण्याच्या नावाखाली डांबून ठेवता येणार नाही. या निकालाने ज्या आधीच्या निवाड्याचा आधार घेतला तो एका भारतीयाचा आहे. १९८३ मध्ये इंग्लंडच्या डरहॅम तुरुंगात शिक्षा संपल्यावरही हद्दपारीची वाट बघत कोंडून ठेवलेल्या पंजाबी तरुणाने सरकारवर दावा लावला होता. किती काळ ठेवणार, हा त्याचा प्रश्न. कोर्टाने तेव्हा 'वाजवी काळ' असं उत्तर दिलं, आणि बारा-तेरा वर्षांनी ते दक्षिण चिनी समुद्रातल्या ताई आ चाऊ बेटावरच्या बंदींच्या कामी आलं.

१९९७ जवळ येत होतं. बीजिंगने बजावून ठेवलं होतं की हाँगकाँग चीनच्या हाती येण्याआधी हे ओझं उतरलं पाहिजे. गव्हर्नर ख्रिस पॅटन यांच्या सरकारने विमानांच्या फेऱ्या वाढवल्या. १० मे १९९६ ला व्हाइटहेडमध्ये मोठी दंगल झाली, गाड्या आणि इमारती पेटवल्या, शंभरावर माणसं कुंपण तोडून पळाली. बहुतेक पुन्हा सापडली. जानेवारी १९९७ मध्ये व्हाइटहेड बंद झालं. ९ जानेवारी १९९८ ला नव्या, चिनी ध्वजाखालच्या सरकारने समुद्रातून येणाऱ्याला निदान उतरू देणारं 'पहिल्या आश्रयाचं बंदर' हे धोरण अधिकृतपणे गुंडाळलं.

तरी काही उरलेच. कुणाला कुठलाच देश घेईना, कारण जुना गुन्हा नोंदवलेला किंवा नशेचं व्यसन; कुणाला व्हिएतनाम ओळख देईना. ट्युएन मुनजवळच्या पिलर पॉइंट छावणीत ते राहत. फेब्रुवारी २००० मध्ये सरकारने त्यांतल्या सुमारे चौदाशे जणांना हाँगकाँगमध्येच राहायची मुभा दिली. वीस वर्षं 'अशक्य' म्हणून नाकारलेली गोष्ट एका आदेशाने झाली. शहराची लोकसंख्या तेव्हा पासष्ट लाखांच्या वर होती. फिलिपाईन्समध्ये कॅथलिक चर्चने रदबदली करून काही हजारांना पलावानवर राहू देण्याची सोय त्याच्या चार वर्षं आधीच करून ठेवली होती.

मे २००० च्या अखेरीस पिलर पॉइंटचं फाटक बंद झालं. पंचवीस वर्षांत हाँगकाँगमार्गे १,४३,००० हून अधिक व्हिएतनामी दुसऱ्या देशांत स्थायिक झाले, ६७,००० हून अधिक परत गेले. खर्चाचा वाद उरला. छावण्यांसाठी हाँगकाँगने आगाऊ भरलेल्या रकमेपैकी निर्वासित उच्चायुक्तालयाकडे १ अब्ज १६ कोटी हाँगकाँग डॉलर्स येणं राहिलं. उच्चायुक्तालयाचं म्हणणं, देणगीदार देशांनी दिले तर आम्ही देऊ. देणगीदारांचं लक्ष तोवर बोस्निया, रवांडा, कोसोवोकडे वळलेलं. हाँगकाँगच्या विधान परिषदेत पुढेही वर्षानुवर्षं कुणीतरी सदस्य उठून या थकबाकीचा प्रश्न टाकत राहिला, आणि सचिव पाठपुरावा चालू असल्याचं उत्तर देत राहिले.